डब्यातली भाजी दुपारपर्यंत धड राहायची असेल तर

सकाळी सातला केलेली भाजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात दुपारी एकला उघडते. मधले सहा तास ती स्टीलच्या डब्यात स्वतःच्याच वाफेत बसलेली असते. गॅसवरून उतरवताना बरोबर वाटलेला बटाटा तोवर रश्शात विरून जातो, फ्लॉवरचे तुरे हात लावताच गळतात, कोशिंबीर पाण्यात पोहायला लागते. आणि एखाद्या दिवशी याच्या अगदी उलट होतं. कुकरच्या ठरलेल्या शिट्ट्या होऊनही चवळी दाताखाली कचकच करते आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "ताई, आज घाईत होता का?"

घोडबंदर रोडला माझं पोळी-भाजीच्या डब्यांचं काम आहे. त्याआधी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले. मसाल्यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मी पोताबद्दल सांगते. भाजी मऊ का पडते, कडक का राहते आणि आपल्या हातात त्यातलं काय असतं, एवढंच.

आधी भिंत समजून घेऊ. भाजीतल्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. त्या भिंतीत सेल्युलोजचे अतिशय बारीक, चिवट धागे असतात, त्यांना एकमेकांशी अडकवून ठेवणारं हेमिसेल्युलोज असतं, आणि मधल्या जागांमध्ये पेक्टिन असतं. दोन शेजारच्या पेशींच्या मधे जो थर असतो तो तर मुख्यत्वे पेक्टिनचाच. पेक्टिनचे रेणू एकमेकांना धरून राहतात ते बरेचसे कॅल्शियममुळे. बुंदीचा लाडू डोळ्यांसमोर आणा. बुंदीचा दाणा म्हणजे पेशी आणि दाणे धरून ठेवणारा पाक म्हणजे पेक्टिन. भाजी शिजते तेव्हा दाणे फुटत नाहीत, पाक सुटतो आणि दाणे एकमेकांपासून सुटे होतात. सेल्युलोजला आपल्या कुकरची उष्णता काही करू शकत नाही. वितळतं, तुटतं ते पेक्टिन. त्यामुळे स्वयंपाकात आपण जे आधी घालतो, नंतर घालतो, भिजवतो, धुतो, त्यातलं निम्मं काम या पाकाला लवकर सोडायचं की धरून ठेवायचं, याच्यासाठीच असतं. आपल्या आज्या हे रेणू न बघता करत होत्या, आणि बहुतेक वेळा बरोबरच करत होत्या.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली जे कप्पे पाहिले, त्यांत जिवंत काही नव्हतं, नुसत्या भिंती होत्या. शिजलेल्या भाजीतही तेच. पेशी मेलेली असते, आपण चावतो त्या भिंती.

बाजारात: जून भाजीला उपाय नाही

झाड काही पेशींच्या भिंती आणखी जाड करतं आणि त्यात लिग्निन भरतं. लाकूड लाकूड होतं ते याच लिग्निनमुळे. भेंडी जून झाली, गवारीच्या शिरा राठ झाल्या, मुळ्याच्या आत धागे आले, की समजायचं लिग्निन आलं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, पण लिग्निन त्यालाही दाद देत नाही. सोडा घाला, शिट्ट्या वाढवा, बाकीची भाजी लगदा होईल आणि धागे तसेच तोंडात राहतील.

म्हणून हे काम जांभळी नाक्याच्या मंडईतच संपवायचं. भेंडीचं टोक अंगठ्याने वाकवायचं. कोवळी असेल तर कट्कन मोडतं, जून असेल तर नुसतं वाकतं आणि साल ओढली जाते. भाजीवाल्याला हे आवडत नाही, पण रोजचं गिऱ्हाईक असलं की तो दुसरीकडे बघतो. गवार आणि फरसबी मधोमध मोडायची. मोडल्यावर दोन तुकडे एका दोऱ्याने लोंबत राहिले तर घेऊ नका, किंवा शिरा काढायची तयारी ठेवा. शेवग्याच्या शेंगेला मात्र हा नियम लावायचा नाही. तिचं साल राठ असतं म्हणूनच ती रश्शात उभी राहते आणि आतला गर आपल्याला चोखून खाता येतो. तिथे लिग्निन आपल्या बाजूने आहे.

नाइलाजाने जून भाजी आलीच तर सुरी धाग्यांच्या आडवी चालवा. धागा मऊ होत नाही, पण आखूड होतो, आणि आखूड धागा दातांना तेवढा जाणवत नाही. देठी माठाच्या जाड देठांची साल ओढून काढायची ती याचसाठी.

पेरू खाताना जी कचकच लागते (बियांची नव्हे, गराची) तीसुद्धा अशाच लिग्निन भरलेल्या दगडी पेशींची. तिचा डब्याशी काही संबंध नाही, पण लोक मला विचारतात म्हणून सांगितलं.

कच्ची भाजी: सगळा खेळ आतल्या पाण्याचा

काकडी कुरकुरीत लागते याचं कारण भिंतीपेक्षा तिच्या आतलं पाणी आहे. ताज्या पेशीत पाणी भिंतीला आतून रेटत असतं, आणि हा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण ३ ते १० पट असू शकतो. अशी ताणलेली पेशी दाताखाली फुटते आणि रस उडतो. पाणी गेलं की भिंत ढिली पडते आणि भाजी लुळी होते.

लुळं गाजर, मान टाकलेली कोथिंबीर, मऊ पडलेला मुळा फेकू नका. देठाचा शेंडा नव्याने कापून गार पाण्यात ठेवा. पेशीचं आवरण अजून शाबूत असलं तर ते पाणी आत ओढून घेतं. कोथिंबीर अर्ध्या तासात उभी राहते, गाजराला दोन-तीन तास लागतात. या पाण्यात मीठ घालू नका, मीठ बाहेर असलं की पाणी उलट्या दिशेने जातं. एकदा शिजलेल्या भाजीवर हा उपाय चालत नाही. साधारण ६० अंशांच्या पुढे पेशीचं आवरणच निकामी होतं आणि दाब कायमचा जातो.

आता कोशिंबीर. काकडी चोचवून तिला मीठ लावून डब्यात भरली तर एक वाजेपर्यंत निम्मी वाटी पाणी सुटणार, त्यात शंका नको. माझ्याकडे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे मीठ घालायचंच नाही. काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरचीची फोडणी असं सगळं करायचं आणि मीठ-साखरेची एवढीशी पुडी वेगळी द्यायची. फोडणीचं तेल आणि कूट काकडीच्या अंगाला लागलेलं असतं, तेही थोडं अडवतं. दुसरा रस्ता म्हणजे मीठ आधीच लावायचं, वीस मिनिटांनी काकडी घट्ट पिळायची आणि मग दही घालायचं. ही कोशिंबीर कुरकुरीत लागत नाही, पण पाणीही सोडत नाही. पिळलेल्या पाण्यात थालीपीठ भिजवा. मला पहिला रस्ता आवडतो, गिऱ्हाइकांना पुडी सोडायचा कंटाळा येतो.

आंबट कधी घालायचं

हा या सगळ्यातला सगळ्यात कामाचा भाग आहे.

पेक्टिन उष्णतेने तुटतं, पण किती लवकर तुटतं ते आंबटपणावर ठरतं. साध्या पाण्यात ते बऱ्यापैकी पटकन तुटतं. सोडा घालून पाणी अल्कधर्मी केलं की फारच पटकन. आणि पीएच ४ च्या आसपास, म्हणजे टोमॅटो, चिंच, आमसूल, कैरी घातल्यावर रस्सा जितका आंबट होतो तिथे, सगळ्यात हळू. म्हणून टोमॅटोच्या रश्शात कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकल्या तर त्या अर्धा तास उकळूनही मधे कडक राहतात, आणि आपण गॅसला किंवा बटाट्याला दोष देतो.

डब्यासाठी हीच अडचण उपयोगाची आहे. बटाट्याचा रस्सा करताना फोडी आधी साध्या पाण्यात शिजवायच्या, पण पूर्ण नाही. सुरीचं टोक फोडीत घाला. बाहेरून सहज जातं आणि मध्यावर किंचित अडतं, त्या क्षणी टोमॅटो किंवा आमसूल घालायचं. उरलेली कसर मंद उकळीत आणि डब्यातल्या उष्णतेत भरून निघते, पण आंबटामुळे फोडीच्या कडा सुटत नाहीत. एक वाजता फोड चमच्याने तुटते, स्वतःहून तुटत नाही.

मटकी, चवळी, वाल, राजमा यांत आंबट अगदी शेवटी. दाणा बोटांत चेपून पूर्ण मऊ झाला की मगच चिंच. गूळही तेव्हाच. गुळात थोडं कॅल्शियम असतं आणि ते पेक्टिनला आणखी आवळतं. आमटीला चिंच-गूळ उकळीच्या शेवटी घालायची पद्धत चवीपुरती नव्हती. तुरीच्या डाळीबरोबर कुकरमध्ये टोमॅटो घालणारे बरेच आहेत. ती डाळ सालाशिवायची आणि फुटलेली असते, म्हणून खपून जातं. सबंध कडधान्याला ते खपत नाही.

भेंडी याला अपवाद. ती इतक्या लवकर मऊ पडते की तिला आमसूल किंवा ताक सुरुवातीलाच घाला. बुळबुळीतपणा कमी होतो आणि चकत्याही धड राहतात.

मीठ आधी घातलं तर डाळ शिजत नाही असं आमच्याकडे घरोघर सांगतात. यात मिठावर अन्याय आहे. त्या पातेल्यात बहुतेक वेळा चिंचही असते, आणि गुन्हा तिचा असतो.

फ्लॉवर-बटाट्यासाठी गरम पाण्याची युक्ती

ही ऐकायला उलटी वाटते. आधी गरम, पण न उकळत्या पाण्यात ठेवलेला बटाटा नंतर कितीही उकळला तरी लवकर गळत नाही. भाजीत एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) असतं, पेक्टिन मिथाइलएस्टरेज. ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान ते जोरात काम करतं आणि पेक्टिनवरचे मिथाइल गट, म्हणजे त्याच्या रेणूला चिकटलेले छोटे तुकडे, काढून टाकतं. त्या मोकळ्या झालेल्या जागांवर भाजीतलंच कॅल्शियम येऊन बसतं आणि दोन रेणू एकमेकांना बांधतं. शिवाय मिथाइल गट नसलेलं पेक्टिन उष्णतेने तितक्या सहज तुटतही नाही. पाक पक्का होतो म्हणा. सरळ उकळत्या पाण्यात टाकलं तर एन्झाइमच मरतं आणि हे काही घडत नाही.

थर्मामीटर लागत नाही. २ लिटर खळखळ उकळतं पाणी, त्यात १ लिटर नळाचं पाणी, आणि त्यात १ किलो बटाट्याच्या इंचभर फोडी. बटाटा आणि पातेलं आपापली उष्णता घेतात आणि सगळं मिळून ६० ते ६५ अंशांवर येतं. त्यात बोट दोन सेकंदही ठेववत नाही. झाकण ठेवून अर्धा तास सोडून द्या, गॅस नको. पाणी ओता आणि मग नेहमीसारखं शिजवा. शिजायला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढा धरा. फ्लॉवरचे तुरे, गाजर, फरसबी यांनाही हे चालतं. मी ते पोळ्यांची कणीक मळण्याआधी लावून ठेवते, म्हणजे त्यासाठी वेगळा वेळ जात नाही.

चुरायच्या बटाट्याला मात्र हे करू नका. वड्याच्या भाजीला सुटणाराच बटाटा हवा. जुना, कोरडा बटाटा सालासकट उकडा, सोलून गरम असतानाच हाताने किंवा पावभाजीच्या मॅशरने मोडा. गरम असताना पेक्टिन ढिलं असतं, पेशी सबंधच्या सबंध सुट्या होतात आणि भाजी मोकळी, रवाळ होते. गार बटाटा रगडला किंवा मिक्सरमध्ये फिरवला की पेशीच फुटतात, आतला स्टार्च बाहेर पडतो आणि हाताला चिकटणारा गोळा तयार होतो. त्याचा वडा आतून चिकट लागतो.

टँकर आला की चवळी रुसते

घोडबंदर पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नळाला पाणी कमी पडलं की सोसायटीत टँकर येतो किंवा बोअरचं पाणी मिसळलं जातं. धरणाचं पाणी बहुधा मृदू असतं. बोअरचं जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. कडधान्य भिजताना हे दोन्ही दाण्याच्या सालात आणि पेशींमधल्या पेक्टिनमध्ये जाऊन बसतात आणि तो थर उकळीला सुटेनासा होतो. अंघोळीचा साबण फेस देईना, बादलीच्या तळाशी पांढरी पुटं दिसली, की त्या दिवशी राजम्याचा बेत पुढे ढकलावा.

ढकलता येत नसेल तर भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी वापरा, त्यात हे क्षार जवळपास नसतात. तेवढं आरओ नसेल तर टँकरचं पाणी दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी घ्या. काही जडपणा उकळल्याने जातो, सगळा नाही. उरलेल्यासाठी भिजवण्याच्या पाण्यात मीठ घाला, लिटरला एक मोठा चमचा. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं, पेक्टिन सैल पडतं आणि साल न फाटता मऊ होतं. सकाळी ते पाणी ओतून दाणे धुवा. मोड आणायचे असतील तर मीठ नको, साध्या पाण्यातच भिजवा. मोड यायला लागले की दाणा स्वतःच आपल्या भिंती सैल करायला घेतो, म्हणून मोडाची मटकी लवकर शिजते.

खायचा सोडा हा शेवटचा इलाज, वाटीभर कडधान्याला चिमूटभर, त्याहून जास्त नाही. जास्त झाला की साबणासारखी चव येते, बी १ जीवनसत्त्व जातं आणि दाण्याचं पिठलं होतं.

पाणी चांगलं असूनही शिजत नसेल तर कडधान्य जुनं आहे. आपल्या हवेत, उष्ण आणि दमट, महिनोन्‌महिने पडलेल्या दाण्यात फायटिक आम्ल हळूहळू मोडतं आणि त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पेक्टिनकडे जातं. म्हणजे जड पाणी दाण्याच्या आतच तयार होतं. म्हणून वर्षाचं कडधान्य भरायचं तर कडक ऊन देऊन, घट्ट डब्यात. भरायला जागा नसेल तर महिन्याचं महिन्याला घ्या. भिजवल्यावर जे दाणे फुगतच नाहीत, बारीक आणि कडकच राहतात, ते गणंग. त्यांच्या सालातून पाणीच आत जात नाही. त्यांना निवडून काढा, शिट्ट्या वाढवून काही होत नाही.

कॅल्शियम मुद्दाम घालायची रीतही आहेच. कोहळ्याचा पेठा करताना फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, मग भरपूर पाण्याने पुन्हापुन्हा धुतात. म्हणूनच त्या पाकात तासभर उकळूनही कडा सोडत नाहीत. खडे मिठातही थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. कैरीच्या लोणच्याला बारीक मिठाऐवजी खडे मीठ घेण्याला त्यामुळे अर्थ आहे. लोणच्यात तुरटी घालतात, ती मी घालत नाही. कैरी कडक घेतली आणि फोडी नीट कोरड्या केल्या की तिची गरज पडत नाही.

गॅस बंद केल्यावर

भाजी गॅसवरून उतरली तरी शिजत असते. ऐंशी-नव्वद अंशांवरच्या भाजीवर झाकण लावलं की पेक्टिन तुटायचं काही थांबत नाही. म्हणून सुकी भाजी मी कढईत ठेवत नाही. मोठ्या परातीत पातळ पसरते, पंख्याखाली दहा मिनिटं. वाफ निघून जाते, फोडी वरून कोरड्या पडतात, मग डबा भरते. रस्सा पसरता येत नाही, म्हणून तो गॅसवरच थोडा कच्चा उतरवायचा.

डब्यासाठी सगळ्यात बिनघोर भाजी विचाराल तर बीट. त्याच्या पेक्टिनला फेरुलिक आम्लाचे जोड असतात आणि ते उकळीने सहज सुटत नाहीत, त्यामुळे बीट शिजायला वेळ खातं पण नंतर गळत नाही. कोबी आणि दुधी या दोघांवर मात्र डोळा ठेवा. दुधीच्या फोडी पारदर्शक व्हायला लागल्या, मध्यावर अजून पांढरा ठिपका दिसतोय, तेव्हाच गॅस बंद करा आणि लगेच परातीत काढा.